गावचा रस्ता, फाटा आणि ग्रामपंचायत सदस्य: नाशिक जिल्ह्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्याची तक्रार घेऊन लोक आधी सदस्याच्या दारात येतात, मग रस्ता कोणाचाही असो. खालची उत्तरं सदस्यांसाठी आहेत, तशीच तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठीही.

आमच्या गावचा रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे, हे कसं ओळखायचं?

आधी किलोमीटरचा दगड बघा. माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर ग्रामीण रस्ता. दगड नसेल किंवा रंग उडाला असेल तर रस्त्याचा क्रमांक विचारा. कागदावर 'प्रजिमा' म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग आणि 'ग्रामा' म्हणजे ग्रामीण मार्ग. राज्य महामार्ग आणि प्रजिमा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इजिमा आणि ग्रामा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्गाचे काही टप्पे महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही सार्वजनिक बांधकामच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असतात. समृद्धी महामार्ग रस्ते विकास महामंडळाचा. गावठाणातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. त्यांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना २३ मध्ये, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत सापडते. ही वही कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं अद्ययावत झालेली नसते. नव्या सदस्याने पहिल्याच महिन्यात ती मागवून बघावी.

प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतून झालेला रस्ता असेल तर सुरुवातीला फलक असतो. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीचा काळ लिहिलेला असतो. या रस्त्यांची पहिली पाच वर्षं देखभाल ठेकेदाराच्याच गळ्यात असते. फलकाचा फोटो आजच काढून ठेवा, कारण देखभालीची मुदत संपायच्या आत तक्रार गेली तरच ठेकेदाराला बोलावता येतं.

सदस्य स्वतः काय करू शकतो?

एकटा सदस्य कुठल्याही खात्याला आदेश देऊ शकत नाही, ग्रामपंचायतीचा पैसाही खर्च करू शकत नाही. मासिक सभेत विषय मांडणं, ठराव करून घेणं, तो सही-शिक्क्यासह संबंधित खात्यात पोचवणं आणि पोच घेऊन पाठपुरावा करणं, एवढं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे. विषय सभेच्या नोटिशीतच यायला हवा. ऐनवेळच्या विषयात घुसवलेला खर्चाचा ठराव पुढे लेखापरीक्षणात अडकतो. म्हणून सभेच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, लेखी पत्र द्या.

ग्रामसभेचा ठराव त्याहून वजनदार. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतला कमी आकडा धरतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेचं भांडवल विरोधक करतात, तेव्हा हजेरी वहीकडे लक्ष असू द्या.

अर्ज कसा लिहिला की काम हलतं?

'आमच्या गावचा रस्ता खराब आहे, तरी दुरुस्त करावा' असा अर्ज आवक-जावक रजिस्टरपलीकडे जात नाही. शाखा अभियंत्याला त्यातून अंदाजपत्रक करता येत नाही. नेमकी जागा साखळी क्रमांकाने लिहा. साखळी १/३५० म्हणजे रस्ता जिथे सुरू होतो तिथून १ किलोमीटर ३५० मीटर. दुचाकीच्या मीटरवरून ढोबळ अंतर मिळतं, मोबाइलच्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जोडले की शंका उरत नाही.

अर्जाचा मजकूर उदाहरणार्थ असा असावा: 'ग्रामा क्र. अमुक, साखळी १/३५० ते १/४२०, डावी बाजू. साइडपट्टी खचून डांबराच्या कडेला २० सेंटिमीटरची पायरी पडली आहे. समोरून वाहन आल्यावर दुचाकी खाली उतरते आणि घसरते. ७० मीटर लांबीत मुरूम भरून दबाई करावी.' सोबत दोन फोटो: एक लांबून, ज्यात ओळखीची खूण दिसेल, आणि एक जवळून, ज्यात पायरीला मोजपट्टी लावलेली असेल. एका अर्जात एकच जागा. सात मागण्या एकत्र लिहिल्या की सगळ्यात स्वस्त मागणी मान्य होते आणि बाकीच्यांवर 'कार्यवाही केली' असा शेरा पडतो.

शाळेसमोर गतिरोधक हवा. ग्रामपंचायत बांधू शकते का?

गावठाणातल्या स्वतःच्या रस्त्यावर मापात बांधू शकते. इतर रस्त्यांवर त्या त्या खात्याची परवानगी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिथे अशी मागणी ठेवता येते. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक मिळत नाही. तिथे आडवे जाड पट्टे, सूचनाफलक आणि लुकलुकणारा पिवळा दिवा मागा.

मापं पाठ करून ठेवा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. तो ताशी २५ किलोमीटरने ओलांडण्यासाठी आहे. त्याच्या ४० मीटर आधी फलक हवा, अंगावर पांढरे पट्टे हवेत आणि लागोपाठच्या दोन गतिरोधकांत १०० ते १२० मीटर अंतर हवं.

प्रत्यक्षात काय होतं? रात्रीतून काँक्रीटची एक ट्रॉली ओतून हातभर रुंद आणि वीतभर उंच बंधारा उभा राहतो. अशा अरुंद उंचवट्यावर उलटंच घडतं: जोरात आलेल्या चारचाकीला एक झटका बसतो आणि ती निघून जाते, सावकाश येणारा दुचाकीवाला, ट्रॅक्टर आणि रुग्णवाहिकेतला पेशंट मात्र हाडं मोडून घेतो. द्राक्षांचे क्रेट घेऊन जाणारी पिकअप तिथेच माल झोडपून घेते. असा उंचवटा बांधून अपघात झाला तर बांधणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. 'गावानेच केलं' हा बचाव नाही.

आमचं मत विचाराल तर अर्ध्याहून जास्त ठिकाणी गतिरोधकाची गरजच नसते. तिथे फाटा दुरुस्त करायचा असतो.

फाट्यावरच अपघात का होतात, आणि तिथे काय करता येतं?

मुख्य रस्ता दर नूतनीकरणात थराथराने वर जातो, गावचा रस्ता तिथेच राहतो. मग गावातून येणारा शेवटच्या दहा-पंधरा फुटांत चढ चढतो. चढावर गाडी बंद पडू नये म्हणून तो गियर टाकून ॲक्सिलरेटर पिळतो आणि थांबायच्या जागी थेट रस्त्याच्या मधोमध येतो. भरलेल्या ट्रॉलीला तर तिथे थांबून पुन्हा उचल घेताच येत नाही. म्हणून पहिली मागणी ही: मुख्य रस्त्याला मिळण्याआधी ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहील एवढा तुकडा सपाट करून डांबरी करा. कच्च्या तोंडावरची खडी मुख्य रस्त्यावर पसरते, तीही यात बंद होते.

दुसरं, दिसण्याचं. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीला थांबायला सुमारे ६० मीटर लागतात, ८० च्या वेगाला १२० मीटर. तपासणी दोन माणसांत होते. एकाने गावच्या रस्त्यावर, मुख्य रस्त्याच्या कडेपासून तीनेक मीटर मागे दुचाकीवर बसायचं. दुसऱ्याने हातात रंगीत फडकं घेऊन मुख्य रस्त्याच्या कडेने लांब चालत जायचं. फडकं जिथे दिसेनासं होतं तिथपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दोन्ही बाजूंना तसंच करा. अंतर कमी भरलं तर आड काय येतं ते लिहा: बाभळी, घाणेरी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, टपरी, की उभा ऊस. फ्लेक्स आणि झुडपं एका सकाळीत निघतात, त्यासाठी निधी लागत नाही. पावसाळ्यानंतर, नवरात्राच्या आसपास, हे काम दरवर्षी करावं लागतं.

तिसरं, एसटीचा थांबा. तो फाट्याच्या तोंडावर असेल तर उभ्या बसमुळे मागून येणारी गाडी दिसत नाही. थांबा फाटा ओलांडल्यावर पुढे सरकवायची मागणी ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगारप्रमुख आणि रस्त्याच्या खात्याला एकाच दिवशी द्या. एकाला दिली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

गावच्या रस्त्यावर गतिरोधक घालायचाच असेल तर तो मुख्य रस्त्याच्या कडेपासून सुमारे ५ मीटर आत हवा. कडेलाच बांधला तर गाडीचं मागचं चाक गतिरोधकावर आणि तोंड महामार्गावर, अशी गत होते.

रस्त्याकडेला विहीर आहे. मालक कठडा बांधत नाही. काय करावं?

२८ जानेवारी २०२० रोजी देवळा तालुक्यात मेशीजवळ एसटी बस आणि रिक्षा धडकून दोन्ही वाहनं रस्त्यालगतच्या विहिरीत पडली. २६ जणांचा जीव गेला. बागायती पट्ट्यात अशा विहिरी पावलोपावली आहेत. काही रस्ता रुंद झाल्यावर कडेला आल्या, काहींचे कठडे खचले.

विहीर खासगी असली तरी रस्त्याचं संरक्षण करणं रस्त्याच्या खात्याचं काम आहे, त्यामुळे वाद दोन भागांत मोडा. मालकाकडून ग्रामपंचायतीने लेखी नोटीस देऊन कठडा आणि जाळी मागायची. खात्याकडे लोखंडी संरक्षक कठडा, वळणावरचे बाणफलक आणि रात्री चमकणारे परावर्तक मागायचे. नुसता विटांचा कठडा वाहन अडवत नाही. तो माणसं आणि जनावरं वाचवतो. तात्पुरता उपाय म्हणून पांढरं रंगवलेलं ड्रम ठेवलं तरी परावर्तक पट्टी लावल्याशिवाय रात्री त्याचा उपयोग शून्य. गावातल्या अशा सगळ्या विहिरींची यादी एकदाच करून ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात घ्या.

दरवर्षी तिथेच खड्डा का पडतो?

पाण्यामुळे. डांबराचा खरा वैरी साचलेलं पाणी. शेजारच्या शेतकऱ्याने चारी बुजवून बांध रस्त्याला टेकवला, मोरीच्या तोंडाशी गाळ बसला किंवा घराचं सांडपाणी रस्त्यावर सोडलं, की दबाई सैल होते आणि वरून भरलेली गाडी गेली की थर बसतो. म्हणून खड्ड्याच्या अर्जात चारी मोकळी करण्याची मागणी आधी लिहा.

भरण्याची पद्धत बघायला उभे राहा. खड्ड्याच्या कडा सरळ चौकोनी कापायच्या, सैल माल आणि धूळ काढायची, डांबराचं इमल्शन मारायचं, थराथराने माल घालून दाबायचं. धुळीवर ओतलेला माल पहिल्या जोरदार पावसात ताटातल्या पापडासारखा उचलून येतो. भर पावसात गरम डांबर टिकत नाही, तेव्हा थंड मिश्रण किंवा पेव्हर ब्लॉक मागा. मुरूम टाकणं ही चार दिवसांची मलमपट्टी आहे, त्याचं बिल मात्र 'खड्डे भरणे' म्हणून निघतं.

सिंहस्थाच्या कामांमुळे खडी-मुरमाचे डंपर गावच्या रस्त्यांवरून जात असतील तर आत्ताचे फोटो तारखेसह काढून ठेवा आणि काम करणाऱ्या खात्याला रस्ता पूर्ववत करून देण्याचं पत्र द्या. नंतर 'तो आधीच खराब होता' हे ऐकावं लागतं.

हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलींमुळे रात्री अपघात होतात. ग्रामपंचायत काय करू शकते?

कांद्यासाठी लासलगाव-पिंपळगावच्या बाजार समित्यांकडे पहाटेच निघणाऱ्या ट्रॉल्या, उसाच्या जोडट्रॉल्या, द्राक्षांच्या पिकअप: निफाड, दिंडोरी, चांदवडच्या रस्त्यांवर अंधारात मागचा दिवा नसलेलं वाहन हे मोठं संकट. ट्रॉलीच्या मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावतात. ऊस लादल्यावर ती झाकली जाते, म्हणून मागे लोंबणाऱ्या उसावर लाल परावर्तक कापड बांधायला सांगा. हंगाम सुरू व्हायच्या आधी विकास सोसायटीच्या आवारात एक सकाळ ठेवली तर गावातल्या बहुतेक ट्रॉल्या उरकतात. पट्टी लावण्याआधी पत्रा घासून पुसायला हवा. चिखलावर लावलेली आठवड्यात सुटते.

आणखी एक सवय मोडायला हवी. ट्रॉली पंक्चर झाली की चाकाला दगड लावतात, काम झालं की ट्रॉली जाते आणि दगड रस्त्यावरच राहतात. पाठोपाठ येणारा दुचाकीवाला त्यावर आपटतो. दवंडीत हे नाव न घेता पण स्पष्ट सांगा.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरला आणि चैत्रात सप्तशृंग गडाला जाणाऱ्या पायी दिंड्या तुमच्या गावातून जात असतील तर शेवटच्या रांगेतल्यांना परावर्तक जाकिटं आणि मागे इंडिकेटर चालू ठेवलेलं एक वाहन, एवढी व्यवस्था आधीच करा. दिंडीच्या मुक्कामाची आणि निघण्याची वेळ पोलीस ठाण्याला कळवा.

पथदिवे बंद आहेत. कोणाकडे जायचं?

दिवा, ब्रॅकेट आणि त्याची वायर ग्रामपंचायतीची. खांब आणि वीजवाहिनी महावितरणची. एकच दिवा बंद असेल तर ग्रामपंचायत, ओळीने बंद असतील तर महावितरणचा १९१२ क्रमांक. ग्रामपंचायतीच्या माणसाला परस्पर खांबावर चढवू नका, वायरमन आणि पुरवठा बंद केल्याची खात्री दोन्ही हवं. प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक टाकला तर तक्रार एका ओळीत होते. नवे दिवे घेताना फाटा, शाळा, एसटी थांबा आणि ऊस-मक्यालगतची वस्ती यांना आधी नंबर लावा.

कामाला पैसा कुठून येतो?

ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी असतो. १५ व्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. गल्लीचा रस्ता किंवा दिवे अबंधितातूनच घेता येतात. काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात नसेल तर पैसा असूनही खर्च करता येत नाही. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, तेव्हाच काम घुसवा. पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना, म्हणजे सुरगाणा, पेठ, कळवण आणि लगतच्या काही तालुक्यांतल्या गावांना, आदिवासी उपयोजनेचा ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो.

जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना जिल्हा नियोजनमधून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली पैसा येतो. ढोबळमानाने पहिलं दुरुस्तीचं, दुसरं नव्या कामाचं. गावांतर्गत कामांना २५१५ हे लेखाशीर्ष, आदिवासी वस्त्यांना ठक्कर बाप्पा योजना, शिवाय आमदार-खासदार निधी. जिल्हा परिषदेवर प्रशासक असेल तेव्हा गट-गणातला सदस्य नसतो, मग ठराव गटविकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे थेट द्यायचा.

गल्लीत काँक्रीट रस्ता होतोय. काय तपासायचं?

आधी पाइपलाइन. नळजोडण्या आणि गटार पूर्ण झाल्याशिवाय काँक्रीट टाकू देऊ नका, नाहीतर तीन महिन्यांत ब्रेकर लागतो. मग उंची: नवा रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा वर गेला तर पहिल्या पावसात पाणी घरात. जुनं खोदून खाली घ्यायची तरतूद अंदाजपत्रकात आहे का ते वाचा. जाडी अंदाजपत्रकात जी असेल ती कडेला आणि मध्ये दोन्हीकडे मोजा, कारण कडेला फळी लावून जाडी दाखवायची आणि मध्ये पोट वर ठेवायचं ही जुनी युक्ती आहे. ठरावीक अंतरावर सांधे कापले नाहीत तर काँक्रीट स्वतःच वाकडीतिकडी चीर पाडून घेतं. किमान १४ दिवस गोणपाट किंवा पाण्याची आळी करून ओल ठेवा. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचा खर्च कोणाचा, हे काम सुरू व्हायच्या आधी ठरवा. मोजमाप पुस्तिकेत नोंद होते त्या दिवशी हजर राहा.

शेताकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याने अडवला आहे. ग्रामपंचायत मोकळा करेल का?

बहुधा नाही. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करायचा. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. गावठाणातल्या सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण मात्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ खाली ग्रामपंचायतच काढते. सदस्याने मध्यस्थी जरूर करावी, तोंडी तडजोड झाली तर ती लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

अपघात झाला तर पहिल्या तासात काय?

१०८ ला फोन, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जागा सांगताना किलोमीटर दगडावरचा आकडा सांगा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं त्याला संरक्षण आहे. गावात हे माहीत नसल्याने लोक फोटो काढत उभे राहतात. २०२५ च्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचाराची तरतूद आहे. दवाखाना पैसे मागू लागला तर ही योजना नाव घेऊन विचारा.

भरपाईसाठी कुटुंबाला काय सांगायचं?

धडक देणारं वाहन सापडलं नाही तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात. वाहन माहीत असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा. मृत व्यक्ती शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातली असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. इथेच बहुतेक प्रकरणं बुडतात, कारण दहावं-तेरावं होईपर्यंत कोणी कागद काढत नाही. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांच्या मागे सदस्याने पहिल्याच आठवड्यात लागावं. मृत व्यक्ती स्वतः वाहन चालवत असेल तर वाहन परवानाही मागतात.

आमचा फाटा 'ब्लॅक स्पॉट', म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, जाहीर होईल का?

५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू, असा केंद्राचा निकष आहे. मोजणी पोलिसांच्या नोंदीवरून होते. आपसात मिटवलेले अपघात त्यात येत नाहीत, म्हणून गावाला दहा अपघात आठवतात आणि कागदावर दोनच निघतात. पोलीस ठाण्याकडे माहिती अधिकारात त्या टप्प्यातल्या तीन वर्षांच्या अपघातांची यादी मागा: अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. निकषात बसत नसलं तरी ती यादी जोडून सुरक्षा समितीकडे केलेली मागणी वजनदार ठरते.

दाखल्यांसाठी सदस्याची शिफारस लागते का?

नाही. जन्म-मृत्यू नोंद, विवाह नोंद, नमुना ८ चा म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा आहेत. अर्जाची पोच घ्या, त्यावर मुदत असते. जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायला मात्र लोकांना बजावून सांगा.

ठराव दिला, अर्ज दिला, काहीच झालं नाही. पुढे?

एक महिना वाट बघून स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख लिहा. तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकारात तीनच गोष्टी मागा: अर्जावर केलेली कार्यवाही, जागेच्या पाहणीचा अहवाल आणि काम प्रस्तावित असेल तर अंदाजपत्रकाची प्रत. 'का केलं नाही' असं विचारू नका, कारणं सांगणं माहितीत बसत नाही म्हणून अर्ज निकाली निघतो. रस्त्याच्या रचनेतल्या दोषामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये आहे. धोक्याच्या जागेबद्दलच्या पत्रात या कलमाचा एका ओळीत उल्लेख करा आणि प्रत उपविभागीय अभियंता, कार्यकारी अभियंता आणि रस्ता सुरक्षा समिती या तिघांना पाठवा. पोच घेतलेल्या सगळ्या प्रतींची एक फाइल ग्रामपंचायतीत आणि दुसरी स्वतःकडे ठेवा. पाच वर्षांनी सदस्य बदलतो, तेव्हा पहिली फाइल अनेकदा सापडत नाही.